कार्ड पाहुणा की घरजावई? फोनमधली ॲप्स मेमरी कार्डावर नेताना

"ताई, ह्यात चिप टाकून द्या. फुल्ल झालाय."

आमचं दुकान चिपळूणला, एसटी स्टँडापासून चालत पाच मिनिटांवर. झेरॉक्स, रिचार्ज, लॅमिनेशन, शाळेच्या वह्या, आणि एका काचेच्या कपाटात मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि मेमरी कार्डं. हे वाक्य दिवसातून दोनतीनदा तरी कानावर येतं. गिऱ्हाइकाची समजूत अशी, की चिप म्हणजे गच्चीवर ठेवलेली जादा टाकी. बसवली की पाणी आपोआप तिकडे वळणार. तसं होत नाही. कार्ड घातलं तरी ॲप्स जुन्या जागी ठाण मांडून असतात, फोन भरलेला तो भरलेलाच. चार दिवसांनी तेच गिऱ्हाईक परत येतं आणि म्हणतं, चिप खराब दिलीत.

म्हणून हल्ली कार्ड विकायच्या आधी मी फोन मागून घेते. कधीकधी कार्ड न विकताच परत पाठवते. माझे मिस्टर म्हणतात, अशानं दुकान चालायचं नाही.

आधी भरलंय काय ते बघा

सेटिंग्ज उघडा, स्टोरेजमध्ये जा. ॲप्स किती, फोटो किती, व्हिडिओ किती, सगळा हिशोब तिथे मांडलेला असतो. शेजारच्या काकूंचा फोन ३२ जीबीचा. त्यातले दहाबारा जीबी अँड्रॉइड स्वतःलाच ठेवून घेतं, म्हणजे काकूंच्या वाट्याला वीसच आले. त्या म्हणत होत्या, "अगो, मी कुठे काय घेतलंय, ॲप तरी किती आहेत!" खरंच होतं. ॲप्स मोजून अकरा. पण एकट्या व्हॉट्सॲपनं नऊ जीबी अडवले होते. जड झालं होतं ते 'शुभ सकाळ'. गुलाब, उगवता सूर्य, दत्ताचा फोटो, आणि शिमग्यात पालखी नाचवतानाचा एकच व्हिडिओ सहा ग्रुपांवरून सहा वेळा.

अशा फोनला ॲप हलवायची गरजच नसते. व्हॉट्सॲपच्याच सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली तिथे एकत्र दिसतात, पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या दिसतात, आणि खाली कुठल्या ग्रुपनं किती जागा खाल्लीय तेही दिसतं. नातवंडांचे फोटो आधी बाजूला काढा, मग बाकीचं खुशाल पुसा. त्याच पानावर एक पायरी मागे येऊन 'मीडिया ऑटो-डाउनलोड'मध्ये व्हिडिओवरची खूण काढून टाका, मोबाइल डेटाची आणि वायफायची, दोन्हीकडची. हे केलं नाहीत तर महिन्याभरात पुन्हा माझ्या दारात उभे.

काकूंचे साडेसहा जीबी मोकळे झाले. वेळ मात्र सव्वा तास लागला, कारण प्रत्येक दत्ताच्या फोटोला त्या "तो राहू दे गो" म्हणत होत्या.

एक ताकीद इथेच देते. ॲपच्या माहितीच्या पानावर दोन बटणं शेजारीशेजारी असतात: 'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर डेटा'. काही फोनांत दुसऱ्याला 'क्लिअर स्टोरेज' म्हणतात. कॅश म्हणजे उरलंसुरलं, ते पुसलं तर ॲप पुन्हा जमवून घेतं. डेटा म्हणजे ॲपचा संसार. कॉलेजातल्या एका मुलानं आईच्या व्हॉट्सॲपवर दुसरं बटण दाबलं आणि बॅकअप घेतलेला नव्हता. गेल्या चार वर्षांचं बोलणं गेलं. त्या बाई दुकानात उभ्या राहून काहीच बोलल्या नाहीत, ते मला जास्त लागलं.

फोटो नि व्हिडिओ हलवणं सोपं

जागा फोटोंनी आणि स्वतः काढलेल्या व्हिडिओंनी खाल्ली असेल, तर कार्डाचा उपयोग शंभर टक्के होतो. 'फाइल्स बाय गूगल' उघडा, फोटो निवडा, वरचे तीन टिंब, 'मूव्ह टू', एसडी कार्ड (फोन मेमरी कार्डाला ह्याच नावानं ओळखतो). सॅमसंगवर 'माय फाइल्स'मध्ये हेच करता येतं. मी पहिल्या वेळी 'मूव्ह' करत नाही, 'कॉपी' करते. कार्डावरचे दहाबारा फोटो उघडून बघते आणि मगच फोनमधले पुसते. पुढचे फोटो थेट कार्डावर जावेत म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज लोकेशन' किंवा तशा अर्थाचं काहीतरी असतं, ते एसडी कार्डावर ठेवा. यूट्यूबवर ऑफलाइन ठेवलेले व्हिडिओही त्याच्या डाउनलोडच्या सेटिंगमधून कार्डावर उतरवता येतात.

व्हॉट्सॲपचा अख्खा फोल्डर उचलून कार्डावर टाकू नका. फाइल कार्डावर सुखरूप राहते, पण व्हॉट्सॲप ती जुन्या जागी शोधतं आणि चॅटमध्ये धुरकट चौकोन दाखवतं. आणि खुद्द व्हॉट्सॲप कार्डावर जाईल का, हा प्रश्न मला विचारू नका. जात नाही.

आता ॲप्स

तुमचा फोन ॲप हलवू देतो का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. कार्ड घातलेलं असताना सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात एखादं जड ॲप, बहुधा गेम, त्यात स्टोरेज. तिथे 'चेंज' असं बटण दिसलं (फोन मराठीत असेल तर 'बदला'), तर ते दाबा, एसडी कार्ड निवडा, 'मूव्ह' म्हणा, आणि होईपर्यंत फोनला हात लावू नका. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांवर काम एवढ्यात आटोपतं. मात्र असं हलवलेलं ॲप पुढच्या अपडेटला गुपचूप फोनमध्ये परत आलेलं मी दोनदा पाहिलंय, तेव्हा अधूनमधून डोकावत जा.

बटण नसेल, तर कारणं दोन. एक तर फोन बनवणाऱ्यानं ती सोय ठेवलेली नाही. आमच्याकडे खपणाऱ्या निम्म्याहून जास्त फोनांत ती नसते, आणि नव्या फोनांत तर कार्डाची खाचच गायब होत चाललीय. किंवा मग ॲप बनवणाऱ्यानंच मनाई केलीय. ॲप कुठे राहील हे ठरवायचा हक्क २०१० सालच्या अँड्रॉइड २.२ पासून ॲपवाल्याकडे आहे. त्या वेळी फोनला स्वतःची जागाच दीडदोनशे एमबी असायची, म्हणून ही सोय निघाली. मनाईमागे कारणही असतं. कार्ड निघालं की त्यावरचं ॲप तिथल्या तिथे बंद पडतं. गजराचं ॲप, कीबोर्ड, स्क्रीनवर घड्याळ-हवामान दाखवणारं विजेट, हे मध्येच बंद पडून चालेल का?

बँकेची आणि यूपीआयची ॲप्स तर बटण दिसलं तरी हलवू नका. ती लहानच असतात, हलवून मिळतं काय? आणि काही बिघडलं तर पुन्हा सिम तपासा, ओटीपी, पिन, हे सगळं दुकानात रांग लागलेली असताना माझ्याकडेच येतं.

पाहुणा आणि घरजावई

२०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून कार्डाला दोन नात्यांनी घरात घेता येतं. पहिलं 'पोर्टेबल', म्हणजे पाहुणा. आपली बॅग घेऊन येतो, कधीही उठून दुसऱ्या घरी जातो. हे कार्ड काढून काँप्युटरला लावा, दुसऱ्या फोनात घाला, फोटो दिसतात. दुसरं 'इंटर्नल', म्हणजे घरजावई. फोन त्याला आपलाच भाग करून घेतो, त्यावरचं सगळं कुलूपबंद करतो, आणि कुलपाची किल्ली फोनच्या पोटात ठेवतो. ॲप्स तर तिथे राहतातच, ॲपच्या आतला डेटाही राहतो. मोटोरोलाच्या बऱ्याच फोनांत हा पर्याय असतो. सॅमसंगनं नेहमीच्या सेटिंग्जमध्ये तो ठेवलेला नाही.

घरजावयाला पुन्हा बाहेर काढणं सोपं नाही, आणि घर पडलं तर तोही घरासोबत जातो. हे मी वाचून नाही शिकले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा आमच्या दुकानाचा पंखासुद्धा पाण्याखाली होता. पुढचे दोन आठवडे लोक चिखलातले फोन घेऊन येत होते. फोन चालू होईल ही आशा कुणालाच नव्हती, फोटो तरी मिळतील का एवढंच विचारायचे. एका बाईंचं कार्ड पाहुणा होतं. स्वच्छ पाण्यानं धुतलं, दोन दिवस तांब्याच्या ताटात सुकवलं आणि रीडरमध्ये घातलं. लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो जसेच्या तसे. त्याच दिवशी एक रिक्षावाले दादा आले. त्यांचं कार्डही धडधाकट होतं, पण कुणीतरी ते इंटर्नल करून दिलेलं. काँप्युटरनं एकच विचारलं, 'फॉरमॅट करू का?', म्हणजे सगळं पुसून कोरं करू का. किल्ली चिखलात गेली होती. मला त्यांना समजावून सांगायला शब्दच सापडेनात.

म्हणून माझा नेम असा: ज्यांना फोटो जपायचेत त्यांना पाहुणा. ज्यांची ॲप्सच मोठी आहेत आणि जे बॅकअप घेतात, त्यांनाच घरजावई. फोन फॅक्टरी रीसेट केला तरी किल्ली पुसली जाते, हेही ध्यानात असू द्या.

कार्ड कोणतं घ्यायचं

घरजावई करायचाय तर मुलगा नीट बघून घ्या. कार्डावर 'क्लास १०' लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी सलग लिहिता येतं. व्हिडिओला ते ठीक आहे: ट्रकभर माल एका दमात उतरवायचा. ॲपचं काम तसं नसतं. ते माझ्या दुकानासारखं, दिवसभर दोनदोन रुपयांची गिऱ्हाइकं. एक झेरॉक्स, एक पेन, पाच रुपयांची स्टॅम्प पॅडची बाटलीतली शाई. त्यासाठी कार्डावर 'ए१' ही खूण शोधा. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वेळा वाचणं आणि ५०० वेळा लिहिणं. 'ए२' मध्ये हे आकडे ४००० आणि २००० आहेत, पण त्याचा पुरता फायदा मिळायला फोनचीही तशी तयारी लागते, त्यामुळे जास्त पैसे मोजताना विचार करा. ए१ घेतलं तरी फोनच्या स्वतःच्या जागेइतकं ते वेगवान नसतं, आणि सारखं लिहून लिहून कार्ड झिजतंही.

खोट्या कार्डांबद्दल बोलायलाच हवं. तीनशे रुपयांत ५१२ जीबी कुणी देत नसतं. अशा कार्डाच्या आत आठ-सोळा जीबीच असतात, फक्त फोनला मोठा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. आठ जीबी भरेपर्यंत सगळं छान, पुढचं सगळं हवेत. मीही एकदा घाऊकवाल्याकडून अशी दहा कार्डं घेतली, त्यातली दोन विकलीसुद्धा, आणि मग गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन ती परत आणली. तेव्हापासून प्रत्येक खोक्यातलं एक कार्ड दुकानातल्या काँप्युटरवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाच्या फुकट प्रोग्रामनं तपासते. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि परत वाचून बघतो. ६४ जीबीला दोनतीन तास जातात, जाऊ देत. विंडोजवर ६४ चं कार्ड ५९ च्या आसपास दिसलं तर घाबरू नका. ते मोजण्याच्या रीतीतलं अंतर आहे, फसवणूक नव्हे.

आणि सिमची खाच आधी उघडून बघा. बऱ्याच फोनांत दुसरं सिम आणि कार्ड एकाच जागेवर हक्क सांगतात. वरच्या वाडीत एकाच कंपनीची रेंज येते नि बाजारात दुसरीची, अशा माणसाला दुसरं सिम काढायला सांगणं म्हणजे घरचा फोनच तोडणं.

भाच्याचा फोन

माझा भाचा पोलीस भरतीचा अभ्यास करतो. फोन थोरल्या भावाचा जुना, मोटोरोलाचा, ३२ जीबी. क्लासच्या ॲपमध्ये लेक्चरं उतरवून ठेवलेली, कारण खोलीवर वायफाय नाही. ती लेक्चरं गॅलरीत दिसत नाहीत, ॲपच्या पोटात असतात. पुसायची तर अभ्यास जातो. दुसरं सिम त्याच्याकडे नाही. घरजावई करायला याहून चांगलं घर मिळायचं नाही.

आधी फोटो केबलनं काँप्युटरवर घेतले, व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतला. कार्ड नवं होतं. जुनं वापरणार असाल तर त्यावरचंही काढून ठेवा, पुढच्या पायरीला सगळं पुसलं जातं. फोन बंद करून ट्रेमध्ये ६४ चं ए१ कार्ड बसवलं. चालू केल्यावर वर सूचना आली, ती दाबली. फोन विचारतो, कार्ड कसं वापरणार? जादा फोन स्टोरेज म्हणून की पोर्टेबल? पहिलं निवडलं आणि 'फॉरमॅट' म्हटलं. सूचना हुकली तर सेटिंग्जमध्ये स्टोरेज, एसडी कार्ड, तीन टिंब, तिथे इंटर्नल म्हणून फॉरमॅट करायचा पर्याय सापडतो. नावं फोनागणिक थोडी इकडेतिकडे होतात.

इथे 'स्लो एसडी कार्ड' अशी चेतावणी आली, तर पुढे जाऊ नका. कार्ड बदला. ती चेतावणी दुर्लक्षून पुढे गेलेला फोन पंधरा दिवसांत 'हँग होतो' म्हणून माझ्याकडे येतोच.

मग फोन विचारतो, आहे तो मजकूर आत्ता कार्डावर हलवू का? आम्ही हो म्हटलं. फोटो, व्हिडिओ, डाउनलोड तिकडे जातात. चार्जरला लावून ठेवा, वीज जाणार नाही अशी वेळ धरा. आमच्याकडे पावसाळ्यात तशी वेळ शोधावीच लागते. अर्ध्या तासानं ते संपलं. ॲप्स मात्र एकेक करून न्यावी लागली: ॲप्स, क्लासचं ॲप, स्टोरेज, चेंज, एसडी कार्ड. त्याच्या ॲपला बटण होतं हे नशीब. एक गेमही नेला, त्यावर मी काही बोलले नाही. यूपीआय, बँक, गजर फोनमध्येच. शेवटी फोन एकदा बंद करून चालू केला, एक जुनं लेक्चर मधूनच लावून बघितलं. अकरा जीबी मोकळे.

पुढे कधी कार्ड काढायचं झालं तर सरळ ओढू नका. आधी ॲप्स त्याच 'चेंज'मधून फोनमध्ये परत आणा. मग स्टोरेजमध्ये फोनच्या स्वतःच्या स्टोरेजवर जाऊन तीन टिंबांतलं 'मायग्रेट डेटा' वापरा. फोनमध्ये तेवढी जागा नसेल तर आधी फायली काँप्युटरवर काढाव्या लागतील. सगळं बाहेर आलं की कार्डाच्या तीन टिंबांतून त्याला 'पोर्टेबल' म्हणून फॉरमॅट करा. त्यात कार्ड कोरं होतं.

ज्यांच्या फोनाला खाचच नाही, त्यांच्यासाठी एक छोटी सोय. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारा, सेटिंग्ज, जनरल, तिथे न वापरलेली ॲप्स आपोआप अर्काइव्ह करायचा पर्याय आहे, २०२३ पासून. ॲपचा मोठा भाग निघून जातो, चिन्ह आणि तुमचा डेटा राहतो, दाबलं की पुन्हा उतरतं. गूगलचं म्हणणं, साठ टक्क्यांपर्यंत जागा सुटते. वर्षातून एकदा रेल्वेचं तिकीट काढणाऱ्याला हे बरं पडतं.

भाच्याचं कव्हर काढून फोनच्या पाठीवर मी वहीवर नाव घालायचं लेबल चिकटवलं. निळ्या पेननं लिहिलं: 'ह्यातली चिप काढू नये. आत्याला विचारणे.' खोलीवरच्या पोरांनी त्याला महिनाभर चिडवलं म्हणे. लेबल अजून आहे.